कॉफीच्या डब्यातलं बिऱ्हाड

बेचाळीस डुबक्या झाल्या, तरी तोकुनागांना समुद्रात स्वतःहून एकही प्राणी सापडला नव्हता. गाइड चिनात्सु काडीनं दाखवायची आणि हे मान डोलवायचे. खडकावर भाताच्या शिताएवढी निळी गोगलगाय आहे म्हणे, असेल. शेवाळात समुद्रघोडा आहे म्हणे, असेल बापडा. पाण्यातून वर आल्यावर सगळे डायव्हिंगच्या दुकानातल्या लांब टेबलाशी चहा घेऊन बसत, आपापल्या वह्या उघडत. चिनात्सु एकेक नाव सांगे आणि जो तो ते उतरवून घेई. मग ती विचारायची, "आज कुणाला काय सापडलं?" हानेदाबाईंना नेहमीच काहीतरी सापडलेलं असे. बाई अठ्ठावन्न वर्षांच्या, गळ्यात तान्ह्या मुलाएवढा कॅमेरा आणि जीभ कुणाचीही भीड न ठेवणारी. तोकुनागांची पाळी आली की ते प्रामाणिकपणे सांगत, "एक टोपी सापडली. आणि बॅटरीचे दोन सेल."

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. अडतीस वर्षं त्यांनी शहराच्या कचरागाडीवर काढली होती. डोळ्यांना जे वळण लागलं ते लागलं. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी बायकोचं स्वयंपाकघर तीनदा नव्यानं लावून दिलं, तेव्हा मासाए शांतपणे म्हणाली, "अहो, आता तुम्ही कुठेतरी जात जा. लांब. शक्यतो जिथं बोलता येत नाही तिथं." तोकुनागांनी हे मनावर घेतलं आणि चौसष्टाव्या वर्षी पाठीवर हवेची टाकी बांधली. पण पाण्याखालीही त्यांना कचराच दिसायचा, आणि टेबलाशी बसल्यावर दर वेळी मनातून वाईट वाटायचं. सगळ्यांना जे दिसतं ते आपल्यालाच का दिसू नये, एवढं साधं दुःख होतं ते.

जूनमधल्या पहिल्या रविवारी इवाजिरीच्या खाडीचा तळ साफ करायचा असतो. त्या दिवशी मच्छीमार संघाच्या होड्या बांधून ठेवतात, संघातल्या बायका मोठ्या पातेल्यात माशाच्या डोक्यांचं मिसो सूप करतात, आणि डुबकी मारणारे सगळे जाळीच्या पिशव्या घेऊन खाली जातात. त्या दिवशी तोकुनागांचा मान मोठा. किनाऱ्यावर जळणारा कचरा, न जळणारा कचरा, काच, पत्रा असे ढीग करायचे असतात आणि गेल्या वर्षी त्यांनी संघाच्या अध्यक्षांनाच चुकीच्या ढिगावरून उठवलं होतं.

"एकच सांगते," सकाळी निघताना चिनात्सु सगळ्यांना म्हणाली. तिशी उलटलेली, उन्हानं तांबूस झालेली, आवाज कायम थोडा बसलेला. "डबा असो, बाटली असो, उचलायच्या आधी आत बघा. कुणी राहत असेल तर जिथं आहे तिथंच राहू द्या."

"आणि भाडं थकवलं असेल तर?" म्हातारे गेंझो म्हणाले. ते संघाचे जुने कोळी, आता किनाऱ्यावर बसून सगळ्यांना बोलणं हाच त्यांचा उद्योग.

तोकुनागांनी चिनात्सुचं हे सांगणं ऐकलं होतं. पुढेही ते कधी म्हणाले नाहीत की ऐकलं नव्हतं.

एकवीस मीटर खाली नुसती करडी वाळू होती. खडक संपल्यावर ती उताराला लागते आणि हिरवट अंधारात जाते. बाकीचे लोक इकडेतिकडे भटकत उचलत होते. तोकुनागांनी गल्ली झाडावी तशी सरळ रांग धरली. एकवीस मीटरवरून जायचं, अठरावरून परत यायचं. शिशाचे गोळे अडकलेला गळाचा दोर, बाटली, बूट, सगळं खणून पिशवीत. एक कॉफीचा डबा अर्धा वाळूत रुतलेला होता. तो त्यांनी उचलला, फिरवला आणि नीट पाहिला. काय पाहिलं? तर पत्रा पोलादाचा की ॲल्युमिनियमचा. पोलादाचा निघाला. गेला पिशवीत.

परतीच्या वाटेवर पाच मीटरला दोर धरून तीन मिनिटं थांबायचं असतं. अंगात साठलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून. या तीन मिनिटांत काही करण्यासारखं नसतं, म्हणून तोकुनागा आपली पिशवी निरखत बसले. भरगच्च भरली होती. त्यांना बरं वाटलं. दुसरं मिनिट संपत आलं तेव्हा कॉफीच्या डब्याच्या तोंडाशी त्यांना काहीतरी पिवळं दिसलं. लिंबाची साल, त्यांच्या मनात आलं, जळणाऱ्यात टाकायची. मग त्या सालीनं डोळे फिरवले.

बोटाच्या पेराएवढा मासा होता. हळदीसारखा पिवळा, डोळे निळसर हिरवे. डब्याच्या भोकातून तो डोकं तेवढं बाहेर काढून बघत होता. पळत नव्हता, लपत नव्हता. आपलं घर हवेत का लोंबकळतंय हे विचारायला दारात आल्यासारखा तो तिथं थांबला होता. अडतीस वर्षांत तोकुनागांनी किती डबे उचलले असतील त्याला गणती नाही, पण एकाही डब्यानं त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

त्यांनी चिनात्सुचा दंड पकडला. तिनं टॉर्च लावून डब्यात पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. तोकुनागांनी खाली बोट दाखवलं: आत्ताच्या आत्ता परत जाऊ. तिनं दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरले. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं. तिनं त्यांच्या हवेच्या काट्यावर टिचकी मारली. काटा पन्नासवर होता, म्हणजे हवा वर जाण्यापुरतीच उरली होती. मग तिनं पाण्याखाली लिहायच्या आपल्या पाटीवर लिहिलं, "तुम्ही वर आलाच नाहीत तर डबा कोण ठेवणार?" चिनात्सुनं डबा हलकेच आपल्या छोट्या जाळीच्या थैलीत सरकवला, थैली तिथंच दोराला बांधली आणि त्यांना वर घेऊन आली.

"अजून वर आणला असता तर पोट फुगून मेला असता," किनाऱ्यावर टाकी उतरवता उतरवता ती म्हणाली. "मिजिन हाझे म्हणतात या माशाला, रिकाम्या डब्या-बाटल्यांत बिऱ्हाड करतो. आत अंडी आहेत, तोकुनागा-सान. छताला चिकटवलेली. डोळे आलेत अंड्यांना. दोन-तीन दिवसांत फुटतील."

"आणि तो मासा ठीक आहे?"

उत्तर दिलं ते हानेदाबाईंनी. "तो नाही, ते. हे हाझे जोडीनं राहतात. आत एकच आहे ना? मग दुसरा खालीच राहिला."

"कुठं खाली?"

"तुम्ही घर उचललंत तिथं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. ते तोकुनागांना जास्त लागलं.

दुसरा किती वेळ तिथं राहील ते कुणालाच सांगता येईना. चिनात्सु म्हणाली, तासभर राहील नाहीतर दिवसभर. पण उघड्या वाळूवर एवढ्याशा पिवळ्या माशाला एसो मासा एका घासात गिळतो, आणि त्या उतारावर एसो पुष्कळ. एकट्याला अंडी सांभाळणं जमेल का, हेही तिला माहीत नव्हतं. आणि माणसांनी दोन तास तरी वर काढल्याशिवाय पुन्हा खोल जायचं नाही, हा नियम.

"एवढं काय त्यात," गेंझो सूप फुंकत म्हणाले. "वाळूच तर आहे. कुठंही ठेवा."

"कुठंही ठेवला तर दुसऱ्याला कसं कळेल?" तोकुनागा म्हणाले.

"आणि कुठून उचलला ते तुम्हांला तरी आठवतंय का?" गेंझोंनी विचारलं.

नव्हतं आठवत. एकवीस मीटरवरची वाळू डोळ्यांसमोर आणायचा त्यांनी प्रयत्न केला. सगळी एकसारखी करडी दिसली. आपण सकाळभर खाली होतो आणि आपल्याला काहीच दिसलं नाही, हे त्यांना पहिल्यांदाच इतकं स्वच्छ कळलं. दुकानातल्या टेबलावरची लाज यापुढं काहीच नव्हती.

तेवढ्यात संघातल्या दोन बायका त्यांची पिशवी उचलून निळ्या ताडपत्रीवर रिकामी करायला निघाल्या.

"थांबा," तोकुनागा म्हणाले. "हात लावू नका. उलटी करू नका."

बायका पिशवी धरून तशाच उभ्या राहिल्या. तोकुनागा ओल्या अंगानं गुडघ्यावर बसले. त्यांना गाडीवरचा एक जुना दिवस आठवला होता. एका बाईची अंगठी कचऱ्यात गेली होती आणि गाडी तर अर्धं शहर फिरून आलेली. तेव्हा त्यांनी गाडीतला कचरा थरानं मागे मागे नेत तिची गल्ली शोधून काढली होती. गाडीत जे तळाशी असतं ते सकाळचं, वर असतं ते दुपारचं. पिशवीही तशीच. तिला रस्ता पाठ असतो.

त्यांनी वरून एकेक वस्तू काढली आणि ताडपत्रीवर रांगेत मांडली. उजवीकडून डावीकडे, शेवटचं आधी. काढताना प्रत्येक वस्तू त्यांनी हातात धरून पाहिली, आणि सकाळी जे पाहिलं नव्हतं ते आता पाहिलं. या नळीला एका बाजूनं शेवाळ, म्हणजे ही उजेडात पडली होती, अठरा मीटरच्या परतीच्या रांगेत. या बुटात काळी चिकण वाळू, म्हणजे हा खोलातला. सपातेला मूठभर केसाळ किडे चिकटलेले, तिथं खणायला वेळ लागला होता. गेंझोंचं सूप निवलं. हानेदाबाईंनी कॅमेरा खाली ठेवला.

"चहाचा पांढरा कप," तोकुनागा पुटपुटले. "कप काढला तेव्हा त्याच्या कानाला दोरा होता. तो मी तोडला. मग लगेच डबा. मग ही सपात." त्यांनी डावीकडून मोजलं. दोर, बाटली, बूट, दुसरी बाटली, पत्र्याचा तुकडा, कप. "पहिली रांग. एकवीस मीटर. सातवी वस्तू."

"आणि सातवी जागा ओळखणार कशी?" चिनात्सुनं विचारलं.

"प्रत्येक वस्तू खणून काढलीय मी. खड्डे असतील."

"साडेबाराला उतरू," ती म्हणाली. "तोवर सूप प्या. ओठ निळे पडलेत तुमचे."

त्यांनी वाटी हातात धरून ठेवली आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहिलं.

साडेबाराला पाच मीटरवर दोर धरून ते थांबले तेव्हा थैलीभोवती पट्ट्यापट्ट्यांच्या बोटभर माशांचं कोंडाळं जमलं होतं. जाळीत तोंडं खुपसून अंड्यांचा वास घेत होते. चिनात्सुनं त्यांना हाकललं. आतला हाझे दारातच होता. तीन तास तो दारात उभा असणार, आणि त्या तोंडांना त्यानं आत येऊ दिलं नव्हतं. तोकुनागांनी डबा दोन्ही तळव्यांत घेतला आणि खाली निघाले.

आतापर्यंत ते पाण्यात उतरत ते जिना उतरल्यासारखे. आज त्यांनी डोळे ताणले होते, कारण एक पिवळा ठिपका शोधायचा होता. आणि डोळे ताणल्यावर जे झालं त्याची त्यांना कल्पना नव्हती. पहिला खड्डा सापडला. त्याच्या काठावर वाळूला दोन डोळे होते. डोळ्यांमागे वाळूच्याच रंगाचा चपटा मासा होता, ताटाएवढा, आणि त्याच्या पलीकडे तळहाताएवढी त्याची भावंडं. दुसऱ्या खड्ड्यात पारदर्शक कोळंब्या उभ्या होत्या, पोटातलं जेवण दिसावं इतक्या पारदर्शक. तिसऱ्याच्या पुढं वाळूतून एक मासा चालत आला, खरोखर चालत, छातीखालच्या सहा बोटांवर; त्यांना बघून त्यानं अंगाचे पंख उघडले. मोरपिसातला निळा रंग त्या अंधारात एकदम पसरला. तोकुनागा हवा घ्यायची विसरले आणि मग घाईनं घेतली. ज्याला ते सकाळी रिकामी वाळू म्हणत होते ती वाळू डोळ्यांनी भरलेली होती. बिळांतून मिशा हलत होत्या. नळ्यांतून जांभळ्या फुलांसारखं काहीतरी उघडमिट करत होतं. भरल्या वस्तीतून ते सकाळी पिशवी फरफटत गेले होते आणि त्यांना एकही घर दिसलं नव्हतं. त्यांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं, ज्यानं छाती भरून आली.

चार, पाच, सहा. सातवा खड्डा मोठा निघाला. त्यातून दाराएवढा पाकट उठला आणि वाळूची चादर झटकत निघून गेला. खड्डा त्याचा होता. तोकुनागांचा हिशेब चुकला. चिनात्सुनं पाहिलं, काट्याकडे बोट केलं: दहा मिनिटं. त्यांनी मागे वळून खड्डे पुन्हा मोजले. सहावा लहान, गोल, कपाचा. मग पाकटाचा. मग त्याच्या पलीकडे, होडीच्या लांबीवर, वाळूत एक आखूड पन्हळ होती, डब्याच्या आकाराची.

पन्हळीच्या मधोमध पिवळा ठिपका बसला होता.

भिंत नाही, छप्पर नाही. जिथं घराची जमीन होती तिथं तो मासा पर पसरून बसला होता, तीन तास, उघड्यावर. हातभर अंतरावर एसो वाळूवर पडला होता, सरळ, तोंड त्याच्याकडे करून. तोकुनागांनी हात हलवला तसा एसो थोडा सरकला, गेला नाही.

पन्हळीवरून डब्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते कळत होतं. तोकुनागांनी डबा त्याच खाचेत टेकवला. पण टेकवताना वाळू उडाली, आणि ती खाली बसली तेव्हा पन्हळीतला मासा तिथं नव्हता.

आतला दारात आला. बाहेरचा कुठंच नव्हता. चिनात्सुनं टॉर्च फिरवला. एसो जागेवर होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं, आणि मिटलेल्या तोंडाचा अर्थ काय लावायचा ते तोकुनागांना कळेना. तीन तास तो वाचला आणि माझ्या हातानं मेला, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. चिनात्सुनं पाच बोटं दाखवली. मग त्यांच्या दंडावर हात ठेवला. मग तिचा हात एकाएकी थांबला आणि तिनं हळूच खाली बोट दाखवलं.

तोकुनागांनी तोल सावरायला डावा हात वाळूवर टेकवला होता. त्या काळ्या हातमोज्याच्या अंगठ्याखाली, जेवढी सावली होती तेवढ्यात, पिवळा मासा दडून बसला होता. त्या अख्ख्या उतारावर त्याला आसरा म्हणून एवढंच मिळालं होतं.

पाण्यात कशालाही हात लावायचा नाही, हे चिनात्सुनं त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली: जा.

तोकुनागांनी तळवा ओंजळीसारखा वर उचलला आणि वाळूवरून सरकवला, नखभर. मासा जागेवरच राहिला, मग उडी मारून पुन्हा सावलीत आला. पुन्हा नखभर. पुन्हा उडी. एसो पाहत होता. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं. अडतीस वर्षं त्या हातानं माणसांच्या दारातून घाईघाईनं वस्तू उचलल्या होत्या. इतकं हळू त्यानं कधी काही केलं नव्हतं. वीतभर अंतर होतं. त्याला किती वेळ लागला ते चिनात्सुला माहीत, कारण काटा ती बघत होती. हाताची कड पत्र्याला लागली. आतला हाझे मागे सरला आणि दार मोकळं झालं. तळव्याखालून पिवळं काहीतरी सुळकन गेलं.

तोकुनागांनी हात उचलला नाही. चिनात्सुनं त्यांच्या खांद्यावरून टॉर्चचा उजेड आत सोडला. डब्याचं छत चमकलं. शेकडो अंडी होती, साबुदाण्याहून लहान, आणि प्रत्येक अंड्यात दोन रुपेरी डोळे होते, आणि सगळे डोळे उजेडाकडे वळलेले होते. मग अंड्यांच्या खाली, दारात, दोन चेहरे शेजारी शेजारी आले. अनोळखी माणूस दाराशी फार वेळ उभा राहिला की घरातले बघतात तसे ते दोघं बघत होते. तोकुनागांनी वाळूपर्यंत मान लववली आणि मागे सरकले.